साक्षीची काच

१

जावयाने सासूच्या घरी यावं, चहा प्यावा, गुडघे कसे आहेत विचारावं आणि आपल्या घरी जावं. मोरीत हात घालू नये. माझे जावई मात्र थोरला, म्हणजे लेकीचा एकुलता एक भाऊ, गेल्यापासून दर रविवारी पक्कड आणि पेचकस घेऊन हजर. गळका नळ, करकरणारं दार, खिडकीची निसटलेली कडी. "आई, तुम्ही बसा." मी बसायचं, आणि माझ्याच घरात माझ्याच वस्तू दुसऱ्याने उलट्यासुलट्या करताना बघायचं.

फ्रिजच्या बाबतीत तर डोक्यावरून पाणी गेलं. फ्रिज जुना झालाय. वरच्या कप्प्यात बर्फाचा डोंगर साचतो, त्याचं दार लागत नाही. सुनेने नवा घ्यायचं ठरवलं, तर जावई आडवे आले. "जुनाच दणकट आहे आई, मी रबर बदलतो." बदललं. मग एकदा बर्फ वितळवायला मी बटण बंद केलं, तर हातातला चहा तसाच ठेवून धावत आले आणि चालू केलं. "असं बंद करत जाऊ नका, मशीन जातं." मला सांगतात! यांच्या लग्नाच्या आधीपासून ते मशीन मी चालवतेय.

लेकीजवळ तक्रार केली, तर ती हसली. "आई, जावई चांगला निघाला म्हणून रडणारी तू पहिलीच."

"चांगला असू दे, पण इतका? इतका चांगला माणूस घरात असला की आपण काहीतरी देणं लागतो असं वाटतं."

थोरला गेल्यापासून लेक पहिल्यांदाच हसली होती, म्हणून मी पुढे बोलले नाही. त्यानंतर काही दिवसांनी तिचाच फोन आला. आवाज बसलेला.

"आई, बॉडी गेली."

वर्षापूर्वी याच फोनवर एक बॉडी ताब्यात घ्यायला या म्हणून सांगितलं होतं. "कोणाची गं?"

"सशाची."

"सशाची? अगं, मेलेल्या जनावराचं घेऊन बसलीस—"

"अँटीबॉडी, आई! आपल्या दादाच्या तपासणीची!"

मला काही उमगलं नाही. पण ओट्यापाशी उभ्या असलेल्या सुनेला ऐकू गेलं होतं. तिने गॅस बंद केला आणि भिंतीला टेकून ती हळूहळू खाली बसली.

२

शाळा माझ्या वाट्याला थोडीच आली. पण लेक असल्या ठिकाणी काम करते, त्यामुळे चार गोष्टी कानावर पडल्या आहेत. तिने मला सांगितलं होतं ते असं.

आपल्या अंगातल्या पेशींना दारं असतात, बाहेरचा निरोप आत घ्यायला. त्यांना म्हणतात रिसेप्टर. थोरल्याच्या पोटात गाठ निघाली तेव्हा एक नवं औषध आलं होतं. गाठीवर एक ठरावीक दार असेल तरच ते औषध आत शिरणार, नसेल तर ते बाहेरच उभं. दार डोळ्यांनी दिसत नाही. ते शोधायचं काम या अँटीबॉडीचं. सशाच्या रक्तातून काढलेलं पाणीच ते, पण दुसऱ्या कशाकडे ढुंकून बघत नाही, नेमकं त्याच दाराला जाऊन चिकटतं. गाठीचा पातळ काप काचेवर ठेवतात, त्यावर सशाचं पाणी सोडतात, वरून रंगाचं दुसरं पाणी. दार असेल तर काच तपकिरी होते, नसेल तर पांढरी राहते.

ससा कधीच मेला. त्याचं उरलं होतं तेवढं लेकीच्या लॅबमधल्या फ्रीजरमध्ये, करंगळीएवढ्या नळ्यांत. वर चिठ्ठी: फक्त संशोधनासाठी.

दवाखान्यात ही तपासणी होत नव्हती. डॉक्टर म्हणाले, तुमच्या घरातच लॅब आहे, तिथे बघून घ्या. लेक म्हणाली, भावाची काच माझ्याने बघवणार नाही, हात थरथरेल. जावई तिच्याच लॅबमध्ये, शेजारच्या टेबलावर. ते म्हणाले, मी बघतो.

काच पांढरी राहिली. नवं औषध मिळालं नाही. जुनं दिलं, त्याने तो आतून जळत गेला. शेवटी त्याने सुनेचा हात धरला आणि म्हणाला, आता पुरे. सुनेने बाहेर येऊन डॉक्टरांना तो एक शब्द सांगितला, पुरे. आठवड्याच्या आत तो गेला.

तेव्हापासून त्या शब्दाने माझ्या सुनेला पोखरलंय. ताटावर बसते, दोन घास खाते आणि उठते. कोणी अंगावर हात ठेवला की दचकते. तिचं एकच मागणं होतं. गाठीचे उरलेले काप लॅबमध्ये आहेत, ते पुन्हा एकदा बघा. दार खरंच नव्हतं एवढं मला डोळ्यांनी दिसू दे, मग मी जेवेन. लेकीने कबूल केलं. आमच्या चौघांखेरीज हे कोणाला ठाऊक नव्हतं.

"मी नेहमी दोन काचा रंगवते आई," लेक संध्याकाळी येऊन सांगत होती. "एक परीक्षेची आणि एक साक्षीची. साक्षीच्या काचेवर ज्या पेशी असतात त्यांना दार आहे हे आधीच पक्कं ठाऊक असतं. ती तपकिरी झाली तरच परीक्षेच्या काचेवर विश्वास ठेवायचा."

"मग?"

"दोन्ही पांढऱ्या. साक्षीचीसुद्धा. मग मी सगळ्या नळ्या तपासल्या. सगळ्या भरलेल्या, टोपणं घट्ट, चिठ्ठ्या माझ्याच अक्षरातल्या. पण आत सशाचं काही नाही, नुसतं खारं पाणी. फ्रीजरमधलं बाकी सगळं जिथल्या तिथे."

"म्हणजे बिघडली नाही?"

"नाही आई. कोणीतरी बदलली."

सून कोपऱ्यात बसून ऐकत होती. ती म्हणाली, "म्हणजे कोणाला तरी नको आहे, मला कळायला."

३

फ्रीजरची किल्ली जिच्याकडे असते तिला सगळे किल्लीबाई म्हणतात. पहिली कुऱ्हाड तिच्यावर पडली. चौकशी होईपर्यंत घरी बसा, असं सांगून लॅबच्या बोळात सगळ्यांदेखत कमरेचा जुडगा काढून घेतला. मी तिच्या घरी गेले. दोन खोल्या, खिडकीत वाळत घातलेले लॅबचे पांढरे कोट, आणि ती जमिनीवर बसून रिकाम्या कमरेवर हात ठेवून बोलत होती.

"मावशी, मी कोणाला नाही म्हणते? जो येतो त्याला देते किल्ली. सर नेतात, तुमची लेक नेते, जावई नेतात. आज विचारतात, कोणाला दिली होतीस? अहो, पाणी पाजणाऱ्याने पिणाऱ्यांची नावं लक्षात ठेवायची का?"

"कोणावर राग होता का तुझा?"

"होता ना. सगळ्यांवर आहे. पण मला राग आला की मी किल्ली दडवते. बसा म्हणते बोंबलत. नळ्या एक एक उघडून पाणी बदलत बसायला माझ्याकडे एवढा राग नाही आणि एवढा वेळ तर त्याहून नाही." मग तिचा आवाज उतरला. "या घरात कमावणारी मी एकटी आहे मावशी. तुम्ही मोठ्या घरच्या. सांगा ना कोणाला तरी."

मी मोठ्या घरची नाही, पण ते तिला सांगून काय उपयोग?

मग मी लॅबमध्ये गेले. लांब बोळ, दोन्ही बाजूंना घुमणारी कपाटं, फिनेलचा वास. साहेबांना लेक सर म्हणते, मी दाढीवाले म्हणते. त्यांच्या खोलीत खुर्चीवर कागद होते. ते उचलेपर्यंत मी उभी राहिले, आणि उभीच आहे हे त्यांना दिसेल अशी राहिले.

"माझ्या लेकीकडे तुम्ही त्या नळ्या मागितल्या होत्या म्हणे."

"मागितल्या. दुसऱ्या लॅबला द्यायच्या होत्या. तिने नाही म्हटलं, आमचं वाजलंही." त्यांनी दाढी खाजवली. "पण बघा बाई, मला त्या हव्या होत्या. मी चोरल्या असत्या तर नळ्याच गेल्या असत्या. खारं पाणी भरून परत ठेवण्यात माझा काय फायदा? आणि तुमची मुलगी साक्षीच्या काचेशिवाय काम करत नाही हे इथला झाडूवालाही सांगेल. पहिल्याच दिवशी उघडं पडणार. असला मूर्खपणा कोण करील?"

"मग किल्लीबाईला घरी का बसवलंत?"

"वरून विचारणा झाली. कोणावर तरी काहीतरी करावं लागतं."

"साप सापडत नाही म्हणून भुई धोपटताय."

माणूस लबाड असेल, पण खोटं बोलत नव्हता. आणि जाता जाता त्यांनी जे म्हटलं ते माझ्या डोक्यात घर करून बसलं. असला मूर्खपणा कोण करील?

४

घरी परतताना पहिला संशय मला माझ्याच पोटच्या पोरीचा आला. लपवत नाही. भावाची काच बघायला जिचा हात थरथरला, तिनेच आता घाबरून हे केलं असेल का? पण मग तिने साक्षीची काच रंगवलीच नसती. रंगवून स्वतःच बोंब का मारली असती? मनातल्या मनात तिची माफी मागितली आणि नव्याने मांडणी केली.

चोर असता तर नळ्या घेऊन गेला असता. वैरी असता तर फ्रीजरचं बटण बंद केलं असतं. या माणसाने नळ्या भरून, टोपणं लावून, ओळीने परत ठेवल्या. म्हणजे काम थांबवायचं नव्हतं त्याला. काम व्हावं, काच रंगावी, आणि उत्तर यावं 'नाही'. पहिल्यांदा आलं होतं तेच. पांढरी काच बघून सगळ्यांनी उसासा टाकावा आणि आपापल्या घरी जावं.

मग तो साक्षीची काच कसा विसरला? झाडूवाल्यालाही ठाऊक असलेली गोष्ट?

भाजीवाल्याचं माप खोटं असलं की त्याला दुसऱ्याचं मापही खोटंच वाटतं, तसंच याचं उलटं. जी गोष्ट आपण स्वतः करत नाही, ती दुसरा करील हे ऐन वेळी सुचत नाही. साक्षीची काच विसरणारा माणूस म्हणजे ही तपासणी एकदा साक्षीशिवाय केलेला माणूस.

रविवार उजाडला. जावई आले, बेसिनखाली पाठीवर झोपले आणि पान्हा फिरवू लागले. मला त्यांचे पायच दिसत होते.

"जावईबापू, एक विचारू?"

"विचारा ना आई."

"थोरल्याची काच तुम्ही बघितलीत तेव्हा फोनवर फोटो दाखवला होतात. एकच काच होती त्यात."

"हो."

"साक्षीची कुठे होती?"

पान्हा थांबला. नळातून एक एक थेंब बादलीत पडत होता.

"घाई होती आई. डॉक्टर संध्याकाळपर्यंत उत्तर मागत होते. आणि दादाची काच... लवकर संपवावं असं वाटलं. दुसरी ठेवली नाही."

"बरं."

पान्हा पुन्हा फिरू लागला. उलट्या दिशेला फिरत होता, एवढं मलासुद्धा कळलं.

५

पण घाईत काच ठेवली नाही म्हणून कोणाला चोर म्हणता येत नाही. लेकीला तर मी हे सांगूच शकत नव्हते. तिचा संसार आहे. मी तिला निराळंच विचारलं.

"बदलली ती खरी बॉडी कुठे गेली असेल गं? ओतून दिली असेल?"

"नाही आई." ती लगेच म्हणाली. "आमच्यातला कोणी ती मोरीत ओतणार नाही. ससा मेलाय. ते पुन्हा होणार नाही. शत्रूनेही ती कुठेतरी जपून ठेवली असेल."

"कुठेतरी म्हणजे?"

"थंड जागी. लॅबमध्ये तर मी सगळं धुंडाळलं. घरातल्या फ्रिजच्या बर्फाच्या कप्प्यातही राहील, पण आमच्यासारख्या नव्या फ्रिजमध्ये नाही. नवे फ्रिज बर्फ साचू नये म्हणून मधूनमधून आतून स्वतःच गरम होतात. असं सारखं वितळलं-गोठलं की ती मरते. जुना हवा, बर्फाचे थर साचणारा..."

ती बोलता बोलता थांबली. माझ्याकडे बघू लागली. मी तिच्याकडे बघत नव्हते, ओट्याशेजारच्या फ्रिजकडे बघत होते.

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तो कळसा मी महिनाभर रोज उघडत होते आणि मिटत होते.

"आई, नको," ती म्हणाली. तिला कळलं होतं. "आई, नको उघडूस."

मी उघडला. उलथन्याने बर्फ फोडायला लागले. सून आवाज ऐकून आली आणि काही न विचारता दुसरं उलथनं घेतलं. मागच्या भिंतीला चिकटलेल्या बर्फाच्या आत थर्माकोलची पांढरी डबी होती. लेकीने ती दोन्ही हातांनी बाहेर काढली, झाकण उचललं. आत नळ्या होत्या. चिठ्ठ्या नव्हत्या, पण प्रत्येक टोपणावर पेनाने काढलेले दोन लांब कान. सशाचे. ती खूण करायची सवय कोणाची, ते तिने मला सांगितलं नाही. डबी छातीशी धरून ती जमिनीवर बसली आणि आवाज न करता रडू लागली. सून तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. एकीचा नवरा गेला होता, दुसरीचा त्या क्षणी चालला होता.

"डबी गरम होईल," शेवटी सूनच म्हणाली. "ऊठ. लॅबमध्ये ने. आणि काचा रंगव."

"वहिनी, तुला खरंच बघायचंय?"

"हो."

६

लेक दुसऱ्या दिवशी दुपारी परतली. कोट काढायचीही शुद्ध नव्हती. नवऱ्याला तिनेच बोलावून घेतलं होतं. ते दारातच उभे राहिले. हातात आज पक्कड नव्हती.

"साक्षीची काच?" मी विचारलं.

"तपकिरी."

"आणि थोरल्याची?"

लेकीने वहिनीकडे बघितलं. फोन पुढे केला. मी चष्मा लावला. मला पेशी कळत नाहीत, दारं कळत नाहीत. पण तपकिरी रंग मला कळतो. सगळी काच तपकिरी होती, चहा सांडल्यासारखी, या कडेपासून त्या कडेपर्यंत. माझ्या मुलाच्या अंगावर दारंच दारं होती. औषध बाहेर उभं होतं आणि आम्ही त्याला घर दाखवलं नाही.

सून फोटोकडे बघत राहिली. मला वाटलं किंचाळेल. ती म्हणाली, "म्हणजे तो जगला असता."

"थोडा तरी, वहिनी," लेक म्हणाली. "कदाचित बराच."

जावई दारातूनच बोलू लागले. कोणी विचारलं नव्हतं.

"रंगाचं पाणी चुकलं. सशाच्या बॉडीला सशाला ओळखणारं रंगाचं पाणी लागतं. मी उंदराला ओळखणारं घेतलं. दोन्ही बाटल्या शेजारी शेजारी असतात. उंदराचं पाणी सशाला ओळखत नाही, म्हणून दार असून काही दिसलं नाही. तेव्हा कळलं नाही मला. खरंच नाही कळलं. दादा गेल्यानंतर शेल्फ आवरताना उंदराची बाटली उघडलेली दिसली. आमच्याकडे उंदराचं काम कोणीच करत नाही. ती उघडणारा..."

"आणि वहिनीने काच पुन्हा बघा म्हटल्यावर?" लेकीने विचारलं. नवऱ्याशी नव्हे, परक्या माणसाशी बोलावं तशी.

"वाटलं, पुन्हा पांढरी आली तर वहिनी सुटेल. ती जेवायला लागेल. मी तिच्यासाठीच—"

"माझं नाव घेऊ नका," सून म्हणाली. तेवढंच. उठून आत गेली आणि दार लावून घेतलं. ती रडेल म्हणून मी कान लावून होते. रडली नाही. आतून काहीच आवाज आला नाही, आणि तो न आलेला आवाज मला आजही ऐकू येतो.

"ओतायला नेल्या होत्या," जावई खाली बघून म्हणाले. "मोरीपर्यंत नेल्या. ओतवेना. म्हणून इथे आणल्या. आई, मी काय करू सांगा. तुम्ही सांगाल ते करतो. पाया पडतो."

"पाया पडू नका. वाकलेल्या माणसाशी मला बोलता येत नाही. सरळ उभे राहा."

ते सरळ उभे राहिले. लेक माझ्या शेजारी खुर्चीत होती, तिचा हात माझ्या हातात बर्फासारखा. मी त्या माणसाकडे नीट बघितलं. या घरात त्याने एक वस्तू मोडकी ठेवली नव्हती.

"ऐका जावईबापू. आधी किल्लीबाईच्या घरी जा. तिच्यासमोर बोला, मग दाढीवाल्यांसमोर. तिच्या कमरेचा जुडगा काढून घेतला तेव्हा तुम्ही त्याच बोळात उभे होतात. बाटली चुकली, हात चुकला. हाताला मी शिक्षा देत नाही. माझ्याही हाताला आता मीठ-साखर कळत नाही. पण ज्या दिवशी ती उघडी बाटली दिसली, त्या दिवशी तुम्ही इथे यायला हवं होतं. मी तुम्हाला शिव्या दिल्या असत्या. दोन थोबाडीत दिल्या असत्या. आणि मग पदराखाली घेतलं असतं, म्हटलं असतं, एक गेला, हा एक उरला. तुम्ही आलात, पण पक्कड घेऊन आलात. चाकराला पगार देतात, जावईबापू, माफी पोराला देतात. मला दोन मुलगे होते. दोन्ही तुम्हीच नेलेत."